पेटीतून घरी आल्यानंतर



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या बाईंनी उभं आयुष्य पहिलीचा वर्ग शिकवण्यात घालवलं. संयोजकांनी मला, एका बालरोगतज्ज्ञाला, विषय निवडायची मोकळीक दिली, तेव्हा बाईंच्या वर्गापर्यंत पोहोचणारा एखादा विषय असावा असं वाटलं. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या मुलांचं पुढे काय होतं, हा तसा विषय आहे. अशा मुलाची गोष्ट सुरू होते इस्पितळातल्या काचेच्या पेटीत. पण तिचा खरा निकाल लागतो तो शाळेच्या बाकावर.

गर्भ साधारण चाळीस आठवडे पोटात राहतो. सदतीस आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेलं मूल अपुऱ्या दिवसांचं. अठ्ठावीस आठवड्यांच्या आत जन्मलेलं असेल तर अतिशय अपुरं. आपल्याकडे जुन्या बायका सांगतात, सातमाशी मूल जगतं, आठमाशी जगत नाही. हा समज अगदी प्राचीन ग्रीक वैद्यांच्या ग्रंथांतही सापडतो, म्हणजे गैरसमजाला किती दीर्घायुष्य असतं पाहा! प्रत्यक्षात पोटात काढलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो. आठव्या महिन्यातलं मूल सातव्यातल्यापेक्षा नेहमीच वरचढ. 2020 मध्ये जगात सुमारे 1 कोटी 34 लाख मुलं अशी वेळेआधी जन्मली. त्यांतली सुमारे 30 लाख भारतात. एकट्या आपल्या देशात जगातल्या अशा मुलांचा पाचवा हिस्सा जन्मतो.

अतिदक्षता विभागाच्या दाराशी आईवडील पहिला प्रश्न विचारतात, ‘वाचेल ना?’ आठवड्या-दोन आठवड्यांनी, थोडा धीर आला की दुसरा प्रश्न येतो, आणि तो बहुतेक वेळा बाप एकटा असताना विचारतो: ‘पुढे नॉर्मल होईल ना?’ पहिल्या प्रश्नाचं उत्तर गेल्या पन्नास-साठ वर्षांत फार बदललं. ऑगस्ट 1963 मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांचा, जॉन केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला. वजन दोन किलोंच्या वर होतं. फुप्फुसं उघडेनात म्हणून तो दोन दिवसांच्या आत गेला. जगातल्या सर्वांत सामर्थ्यवान माणसाला जे जमलं नाही, ते आज जिल्ह्याच्या ठिकाणचा चांगला नवजात विभाग रोज करतो. 1972 मध्ये न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी दाखवलं, की प्रसूतीआधी आईला स्टिरॉइडची इंजेक्शनं दिली तर बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. 1980 मध्ये जपानच्या फुजिवारांनी सर्फॅक्टंट, म्हणजे फुप्फुसं उघडी ठेवणारा द्रव, फुप्फुसात सोडून बाळं वाचवून दाखवली. हा इतिहास आनंदाचा आहे आणि तो पुष्कळ वेळा सांगितला जातो.

मला सांगायचा आहे तो दुसऱ्या प्रश्नाचा इतिहास. त्याची सुरुवात चांगली नाही.

1940 च्या दशकात अमेरिकेत नव्या, घट्ट बंद होणाऱ्या पेट्या आल्या. त्यांत प्राणवायू भरपूर सोडता येई. बाळ निळं पडत होतं, ते गुलाबी दिसू लागलं. डॉक्टर खूश, नर्स खूश, आईवडील खूश. आणि मग काही महिन्यांनी ही गुलाबी बाळं आंधळी आहेत असं लक्षात येऊ लागलं. जगभरात सुमारे दहा हजार मुलांची दृष्टी गेली, आणि विशेष म्हणजे ती चांगल्या, सुसज्ज इस्पितळांतली मुलं होती. गरीब इस्पितळांकडे ओतायला एवढा प्राणवायूच नव्हता. 1951 मध्ये मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी प्राणवायूकडे बोट दाखवलं. अमेरिकेत अठरा इस्पितळांनी मिळून केलेल्या अभ्यासाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. लगेच सगळीकडे प्राणवायूवर कठोर मर्यादा आली, अंधत्व कमी झालं. पण गोष्ट इथे संपत नाही. 1973 मध्ये केनेथ क्रॉस या ब्रिटिश शास्त्रज्ञाने हिशेब मांडला, की त्या मर्यादेमुळे दृष्टी वाचलेल्या एकेका मुलामागे सुमारे सोळा मुलं प्राणवायूअभावी दगावली असावीत. किती द्यायचा हा प्रश्न एकविसाव्या शतकातही मोठमोठ्या चाचण्यांतून तपासावा लागला, आणि पुन्हा तेच दिसलं: कमी दिला तर डोळे वाचतात, मृत्यू वाढतात.

दुसरी गोष्ट आमच्या पिढीची. 1990 च्या दशकात, व्हेंटिलेटरवरून सुटत नसलेल्या बाळांना जन्मानंतर डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड सढळ हाताने दिलं जाई. बाळ पटकन नळीवरून सुटायचं, लवकर घरी जायचं. त्या बाळांकडे दोन-तीन वर्षांनी आणि पुढे शाळेच्या वयात पुन्हा पाहिलं गेलं, तेव्हा त्यांच्यात सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर येणारं अपंगत्व, जास्त आढळली. 2002 मध्ये अमेरिकेच्या बालरोग अकादमीने हे औषध सरसकट देऊ नका असं जाहीरपणे सांगितलं. आणि याच्या उलट उदाहरणही आहे. श्वास विसरणाऱ्या बाळांना कॅफीन देतात. हो, आपल्या कॉफीतलंच. ते श्वासासाठी दिलं, आणि पुढच्या तपासणीत कळलं की त्या मुलांत सेरेब्रल पाल्सीही कमी निघाली. अकराव्या वर्षीसुद्धा त्यांच्या हालचाली बऱ्या होत्या. घरी सोडण्याच्या दिवशी हे दोन्ही निकाल कोणालाही दिसले नसते. म्हणून माझं ठाम मत आहे: जो नवजात विभाग आपल्या मुलांना दोन, सहा आणि दहा वर्षांनी पाहत नाही, त्याला आपण काय केलं हे माहीत नसतं. जगणाऱ्यांची टक्केवारी भिंतीवर लावणं सोपं आहे.

आता मेंदूकडे थोडं पाहू. चौतिसाव्या आठवड्यात बाळाच्या मेंदूचं वजन पूर्ण दिवसांच्या मेंदूच्या दोन तृतीयांशाच्या आसपास असतं. उरलेली वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत व्हायची असते. त्याच काळात मेंदूच्या पृष्ठभागावर वळ्या पडतात, पेशींची आपसातली जोडणी होते, आणि विजेच्या तारेवर असावं तसं वेष्टन मज्जातंतूंवर चढायला लागतं. हे वेष्टन घालणाऱ्या कोवळ्या पेशी प्राणवायूच्या चढउताराला, जंतुसंसर्गाला फार लवकर बळी पडतात. मेंदूच्या पोकळीच्या कडेने पायांकडे जाणारे तंतू असतात. इजा तिथे झाली तर मूल हातांनी चांगलं खेळतं, पण पाय ताठ राहतात, ते चवड्यांवर चालतं, पायांची कात्री होते. लंडनच्या विल्यम लिटल यांनी 1860 च्या सुमारासच अशा ताठ पायांचा अवघड आणि अपुऱ्या दिवसांच्या जन्माशी संबंध जोडला होता. पण सगळ्याच इजा एवढ्या ठळक नसतात. कित्येक मुलांच्या मेंदूच्या सोनोग्राफीत काहीही दिसत नाही, आणि तरी जोडणीत कुठेतरी कसर राहते. ती उघडी पडते वर्गात.

आकडे पाहायचे झाले तर आधी सर्वांत अवघड टोक पाहू. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये 1995 साली पंचवीस आठवडे किंवा त्याआधी जन्मलेल्या सगळ्या मुलांचा एपिक्युअर नावाचा अभ्यास झाला. सहाव्या वर्षी 241 मुलं तपासली. 22 टक्क्यांना गंभीर अपंगत्व, 24 टक्क्यांना मध्यम, 34 टक्क्यांना सौम्य. 20 टक्के मुलांत काहीच नाही. या अभ्यासातली एक गोष्ट मला फार शिकवून गेली. मुलांचे गुण जुन्या छापील प्रमाणाशी ताडले तेव्हा आकलनात ठळकपणे मागे असलेली मुलं 21 टक्के भरली. त्यांच्याच वर्गातल्या, पूर्ण दिवसांनी जन्मलेल्या मुलांशी ताडलं, तर 41 टक्के. मुलाला जगायचं असतं ते शेजारच्या बाकावरच्या मुलाबरोबर.

दुसरा मोठा हिशेब नॉर्वेचा. तिथे प्रत्येक नागरिकाची नोंद असते. 1967 ते 1983 मध्ये जन्मलेल्या नऊ लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी ती मोठी झाल्यावर तपासल्या. पूर्ण दिवसांच्या मुलांत सेरेब्रल पाल्सी 0.1 टक्के, तेवीस ते सत्तावीस आठवड्यांच्या मुलांत 9.1 टक्के. पूर्ण दिवसांच्या 1.7 टक्के लोकांना अपंगत्वाचं निवृत्तिवेतन लागलं, या मुलांपैकी 10.6 टक्क्यांना. सेरेब्रल पाल्सीचा नव्वद पट धोका म्हणून घाबरायचं, की शंभरातल्या नव्वदांना ती नाही म्हणून निश्चिंत व्हायचं? दोन्ही विधानं खरी आहेत. माझा सल्ला असा, की आईवडिलांना दोन्ही एकाच दमात सांगावीत. न्यूटनसुद्धा अपुऱ्या दिवसांचा होता, असं सांगणाऱ्या पाहुण्यांना मात्र घराबाहेरच थांबवावं.

हे सगळं अगदी टोकाचं झालं. अपुऱ्या दिवसांच्या मुलांपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक मुलं बत्तीस ते छत्तीस आठवड्यांची असतात. पेटीत जेमतेम काही दिवस, मग आईजवळ, मग घरी, मग थाटात बारसं. यांच्याकडे कोणी पुन्हा पाहत नाही. स्कॉटलंडमध्ये चार लाखांहून अधिक शाळकरी मुलांच्या जन्मनोंदी शाळेच्या नोंदींशी जोडून पाहिल्या. विशेष शैक्षणिक मदतीची गरज प्रत्येक आधीच्या आठवड्यागणिक वाढत गेलेली दिसली. पण सदतीस ते एकोणचाळीस आठवड्यांत जन्मलेल्या, म्हणजे ज्यांना आपण ‘पूर्ण दिवसांचं’ म्हणतो, त्या मुलांतही ती चाळिसाव्या आठवड्याच्या मुलांपेक्षा किंचित जास्त होती. अशी मुलं संख्येने इतकी अधिक, की गरजू मुलांतला त्यांचा एकूण वाटा खऱ्या अपुऱ्या मुलांपेक्षाही मोठा निघाला. मुहूर्त पाहून, नाहीतर डॉक्टरांच्या सोयीने सिझेरियन सदतिसाव्या आठवड्यात उरकणाऱ्यांनी हा अभ्यास वाचावा.

आता आपल्या घरचा अभ्यास. मला अभिमान वाटतो की तो पुण्याचा आहे. केईएम रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑक्टोबर 1987 ते एप्रिल 1989 या काळात नवजात विभागातून घरी गेलेल्या, दोन किलोंपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा पाठपुरावा सुरू केला आणि तो मुलं अठरा वर्षांची होईपर्यंत चालवला. त्या काळचं पुणं डोळ्यांपुढे आणा. सर्फॅक्टंट नाही, मोबाइल नाही, घरात फोन असणं ही चैन. भाड्याची खोली बदलली की कुटुंब हरवलं. तरी बाराव्या वर्षी 180 मुलं त्यांनी तपासली आणि तुलनेला पूर्ण वजनाची 90 मुलं घेतली. सरासरी बुद्ध्यांक 89.5 आणि 97.2 निघाला. दोन्ही सर्वसाधारण मर्यादेत, पण फरक खराखुरा. ज्यांना वेळही अपुरा मिळाला आणि पोटात पोषणही अपुरं मिळालं, अशा मुलांचा सर्वांत कमी, 85.4. आपल्या देशात ही दुहेरी कमतरता फार. आईच कुपोषित, पांढुरकी, म्हणून बाळ आधीही येतं आणि हडकुळंही येतं. युरोपातले आकडे आपल्याला जसेच्या तसे लागू होत नाहीत, ते इथे.

या अभ्यासात मुलांची खरी अडचण दिसली ती डोळा आणि हात यांच्या मेळात, वाचनात आणि गणितात. गणित का? कारण गणिताला मनात एकाच वेळी दोन-तीन गोष्टी धरून ठेवाव्या लागतात. हातचा लक्षात ठेवायचा, स्थान सांभाळायचं, पुढची पायरी आठवायची. कामाची ही तात्पुरती स्मृती आणि कामाचा वेग, या दोन्ही गोष्टी अपुऱ्या दिवसांच्या मुलांत कमी पडतात, असं एकामागून एक अभ्यास सांगतात. फळ्यावरचं उतरवून घेताना असं मूल मागे राहतं. अक्षर ओळीवरून घसरतं. भूमितीत आकृती चुकते. पेपर अर्धा राहतो, येत असून राहतो.

आणि इथे पहिलीच्या बाईंचं काम सुरू होतं. या मुलांत लक्ष न लागणं असतं, पण बहुधा धिंगाणा नसतो. ती शांत, थोडी घाबरट, मित्र कमी असलेली मुलं असतात. खिडकीबाहेर बघत बसलेल्या मुलाची तक्रार कोणी करत नाही. दंगेखोर मुलाला महिन्याभरात मुख्याध्यापकांकडे नेतात, त्याचं निदान लवकर होतं. गप्प मूल सहावी-सातवीपर्यंत ‘आळशी’ या शेऱ्यावर निघतं. प्रगतिपुस्तकावरचा तो शेरा अनेकदा जन्माच्या आठवड्यांचा असतो. ब्रिटनमध्ये सामंथा जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिक्षकांना विचारून पाहिलं, तेव्हा अपुऱ्या दिवसांच्या जन्माचा शाळेवर काय परिणाम होतो याची फारशी माहिती त्यांना नव्हती. मग त्यांनी शिक्षकांसाठी एक प्रशिक्षण-साहित्यच तयार केलं. आपल्याकडे दहावीच्या परीक्षेत अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना जादा वेळेसारख्या सवलती आहेत. पण त्या मिळवायला निदान लागतं, आणि निदान दहावीत करणं म्हणजे दहा वर्षं वाया घालवणं.

एवढं ऐकल्यावर निराश होऊन घरी जाऊ नका. कॅनडातल्या भारतीय वंशाच्या डॉ. सरोज सैगल यांनी 1977 ते 1982 मध्ये जन्मलेल्या, एक किलो आणि त्याहून कमी वजनाच्या मुलांना तिशीपर्यंत सोडलं नाही. ‘तुमचं आयुष्य तुम्हाला कसं वाटतं?’ हा साधा प्रश्न त्यांनी खुद्द त्या मुलांना विचारला. बहुतेकांनी आपल्या आयुष्याला चांगले गुण दिले, अपंगत्व असलेल्यांनीसुद्धा. तीव्र अपंगत्वाला सर्वांत वाईट गुण दिले ते डॉक्टर-नर्सनी; आईवडील आणि मुलं स्वतः त्यांच्याहून उदार होती. विशीत यांपैकी 82 टक्के मुलांनी शाळा पूर्ण केली होती, सोबतच्या पूर्ण दिवसांच्या मुलांत ते प्रमाण 87 टक्के. तिशीत मात्र नोकरी आणि लग्न यांत ही मंडळी थोडी मागे पडलेली दिसली. तेही त्यांनी लपवलं नाही. क्लीव्हलंडच्या मॉरीन हॅक यांच्या अभ्यासातली विशीची मुलं दारू आणि अमली पदार्थांपासून तुलनेने लांब होती. आया जरा जास्त जपतात, हे त्याचं एक कारण असावं, असा माझा अंदाज. मोठेपणी रक्तदाब थोडा जास्त असतो, फुप्फुसांचा जोर थोडा कमी. त्याची नोंद डॉक्टरांनी ठेवावी आणि आईवडिलांनी त्यावर झोप उडवू नये.

काय केल्याने फरक पडतो? यंत्रांपेक्षा साध्या गोष्टींवर माझा विश्वास वाढत गेला आहे. 1978 मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात पेट्या पुरेनात, म्हणून डॉ. एडगर रे यांनी बाळांना आयांच्या छातीशी, कातडीला कातडी लावून बांधायला सुरुवात केली. तिथल्याच नंतरच्या मुलांना वीस वर्षांनी पाहिलं, तेव्हा छातीशी वाढलेली मुलं शाळेत कमी गैरहजर होती, कमी अस्वस्थ होती. मुंबईत शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली, कारण पावडरच्या दुधाने लहानग्यांना जंतुसंसर्ग होत होता. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घ्यायला लावलं, आणि तीन वर्षांत नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले. आज आशाताई बाळाच्या घरी जाते, तिच्या पिशवीत वजनकाटा असतो, त्याची मुळं तिथे आहेत. आणि वय वाढत जातं तसतसा घराचा परिणाम वाढत जातो. आईचं शिक्षण, घरातलं बोलणं, गोष्टी, गाणी. मेंदूतली छोटी कसर भरून काढायची ताकद या गोष्टींत आहे. दुर्दैव असं, की गरिबीही त्याच ताकदीने उलट ओढते.

घरी गेल्यावर लोक परत का येत नाहीत, हे मी बाह्यरुग्ण विभागात बसून पाहतो. बाळ हसायला लागलं, वजन भरलं, की आजी म्हणते, ‘चांगला आहे की, आता कशाला दवाखाना?’ एका तपासणीचा अर्थ असतो एका दिवसाची मजुरी, एसटीचं भाडं आणि दुसऱ्या मुलाला शेजारी ठेवणं. आणि आम्ही डॉक्टरही कार्डावर ‘फॉलोअपला या’ एवढंच लिहितो, कशाला ते लिहीत नाही. डोळ्यांचंच घ्या. चौतीस आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोंखाली जन्मलेल्या बाळाचा डोळ्यांचा पडदा जन्मापासून चार आठवड्यांच्या आत तपासलाच पाहिजे, अगदी छोट्यांचा त्याहून आधी. वेळ चुकली तर लेसरही उपयोगाचा नाही, अंधत्व कायमचं. ‘तब्येत दाखवायला या’ असं सांगितलं तर आई येणार नाही. ‘डोळे जातील, अमुक तारखेला या’ असं सांगितलं तर ती कर्ज काढून येईल.

विकास मोजतानाही गोंधळ होतो. बत्तीस आठवड्यांचं मूल आठ आठवडे आधी आलेलं असतं. ते सहा महिन्यांचं झालं की त्याच्याकडून चार महिन्यांच्या मुलाची अपेक्षा करायची. दोन वर्षांपर्यंत अशी वजाबाकी करावी. लस मात्र कॅलेंडरच्या वयानेच. चौथ्या महिन्यात मान धरत नाही म्हणून नातेवाईक घाबरवतात, आणि दीड वर्षाचं मूल चवड्यांवर चालतं तेव्हा तेच नातेवाईक ‘चालेल हळूहळू’ म्हणतात. दोन्ही वेळा उलटं.

सरकारची सोय नाही असं नाही. 2013 मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ आपल्याच राज्यात, पालघरला झाला. त्याखाली अंगणवाडी आणि शाळांत मुलं तपासली जातात, आणि जिल्हा पातळीवर अशा मुलांसाठी केंद्रं आहेत. तिथे फिजिओथेरपी, वाचा, श्रवण, दृष्टी यांचं काम एका छताखाली व्हावं असा उद्देश आहे. कुठे ते चांगलं चालतं, कुठे पदं रिकामी असतात. पण जिथे चालतं तिथेही मुलं पोहोचत नाहीत, कारण अतिदक्षता विभागाची नोंद शाळेपर्यंत जातच नाही. मधली सहा वर्षं ते मूल कोणाच्याच वहीत नसतं.

म्हणून इथे बसलेल्या मंडळींकडे माझं मागणं आहे, आणि ते बिनखर्चाचं आहे. आईवडिलांनी बाळाचं डिस्चार्ज कार्ड जन्मदाखल्याबरोबर जपून ठेवावं. त्यावर जन्माचे आठवडे आणि वजन लिहिलेलं नसेल तर डॉक्टरांकडून लिहून घ्यावं. सहाव्या वर्षी, मूल कितीही चांगलं वाटलं तरी, एकदा त्याची शिकण्याची तपासणी करून घ्यावी. आणि शाळांच्या संचालकांना विनंती, की पहिलीच्या प्रवेशअर्जावर एक ओळ वाढवा: जन्म कितव्या आठवड्यात झाला? ते उत्तर कोणत्याही मुलाला नाकारण्यासाठी वापरू नका, वर्गात जाहीर करू नका. ते फक्त पहिलीच्या बाईंना द्या.